टपावरचं नाव

"आता तरी झुंबऱ्या म्हणायचं सोडणार का, उस्ताद?"

म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. घाटमाथ्याचा वारा त्याच्या पांढऱ्या दाढीत शिरत होता.

"काटा येऊ दे," तो म्हणाला.

झुंबर खदखदून हसला. आज तो कशालाही हसला असता. गडी सकाळपासून हवेतच होता. गाडी स्वतःची, परमिट स्वतःच्या नावाचं, आणि शेजारच्या सीटवर जैनुद्दीन उस्ताद. माणसाला आणखी पाहिजे काय?

झुंबर लोंढे याच म्हाताऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून गाडीवर चढला, काचा पुसल्या, चाकांना दगड लावले, पोटभर शिव्या खाल्ल्या. ट्रकवाल्यांची शाळा अशीच असते. मास्तराला उस्ताद म्हणतात, आणि स्टिअरिंग कुणाला कधी द्यायचं ते तोच ठरवतो.

झुंबरला स्टिअरिंग मिळून जमाना झाला होता. पण रिवाज असा आहे, की तुमचा उस्ताद ज्या दिवशी स्वतःच्या तोंडानं तुम्हाला उस्ताद म्हणेल, त्या दिवशी तुम्ही उस्ताद. तोवर अख्खा मुलूख पालथा घाला, तुम्ही आपले झुंबऱ्याच.

तो एक शब्द ऐकायला झुंबरचे कान आसुसले होते. आणि आज त्याला तो मिळणारच होता, कारण आज तो उस्तादाला नदी दाखवणार होता.

नदीचं असं होतं...

जैनू उस्तादानं उभी हयात ट्रक चालवला, पण मालकाच्या गाडीला परमिट याच राज्याचं. माल बॉर्डरपर्यंत आणायचा, दुसऱ्या गाडीत भरून द्यायचा, आणि तोंड फिरवून माघारी यायचं. नाक्यापलीकडे उतरणारा घाट त्यानं कायम अलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून पाहिला. येणाऱ्या ड्रायव्हरला तो विचारायचा, "तिसऱ्या वळणावरून नदी दिसते म्हणतात. खरं का?"

"दिसते की," ते म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यांना त्याचं काय कौतुक असणार.

एकदा झुंबर बोलून गेला होता, "माझी गाडी झाली ना उस्ताद, की पहिली बॉर्डर तुम्हाला घेऊन. नदी मी दाखवतो."

तर तो दिवस आज उजाडला होता. म्हाताऱ्यानं दाढी कातरून घेतली होती, नवी टोपी घातली होती. मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं, आणि त्याची गाठ तो पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता. तोंडानं काही बोलत नव्हता. पण झुंबरला ती बोटं दिसत होती, आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं होतं.

आणि गाडी काय नटवली होती म्हणता. पासिंग झालं, कागद हातात पडले, आणि झुंबरनं गाडी थेट लोहाराच्या दारात नेली. पुढं दुहेरी लोखंडी बंपर. दोन्ही बाजूंना मोरांच्या जाळ्या. मागं साखळ्यांचे घोस. टपावर जाडजूड कठडा, आणि कठड्याच्या पुढं, थेट टपावरच नटांनी आवळलेली, हातभर उंचीच्या लोखंडी अक्षरांची कमान... 'उस्ताद जैनुद्दीन'.

नाक्याच्या रांगेत गाडी लागली तसे पुढचे-मागचे ड्रायव्हर खाली उतरून बघायला आले.

"कुणाची रे गाडी? लग्नाला निघाली का?"

"लग्नालाच," झुंबर म्हणाला. "जेवूनच जा."

आधी परमिटची खिडकी होती. आतल्या बाबूनं कागद पाहिला, मान वाकडी करून टपाकडे पाहिलं, परत कागद पाहिला.

"कागदावर झुंबर लोंढे, टपावर जैनुद्दीन. गाडी नक्की कुणाची?"

"कागद माझा, गाडी त्यांची," झुंबर छाती काढून म्हणाला.

बाबूनं शिक्का मारला. उस्तादानं गाठोड्याची गाठ पुन्हा सोडली.

"झुंबऱ्या... निघताना धर्मकाट्यावर लावली होतीस का गाडी?"

धर्मकाटा म्हणजे बाजारातला खाजगी वजनकाटा. भरलेली गाडी आधी तिथं तोलून बघायची आणि मग रस्त्याला लागायचं, ही उस्तादाची जुनी शिस्त.

"तिथं ही रांग होती, उस्ताद. गरज पण नव्हती. पासिंगच्या कागदावर रिकाम्या गाडीचं वजन आहे, पोत्यांचं वजन मला माहीत आहे. बेरीज मला येते. एक दाणा जास्त भरलेला नाही. शेठ म्हणत होता, चार पोती वर टाक. मी म्हटलं, जैनू उस्तादाचा चेला आहे, चोरी जमणार नाही."

"अच्छा," उस्ताद म्हणाला.

बास, एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. झुंबर जरा हिरमुसला, पण लगेच गडी पुन्हा खुलला. रांग पुढं सरकली होती.

काटा आला.

काटा म्हणजे रस्त्यातच बसवलेली लांबरुंद लोखंडी पाटी. गाडी तिच्यावर चढवायची आणि खांबावरच्या दिव्याकडं बघायचं. हिरवा लागला की फाटक उघडतं. लाल लागला तर काय होतं, ते झुंबरनं आज मनातसुद्धा आणलं नव्हतं.

त्यानं गाडी चढवली. पाटी जराशी दबली.

दिवा लाल.

झुंबरनं डोळे चोळले. लालच.

"जास्त आहे," काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला. "तीन-साडेतीन क्विंटल. मागं घे, बाजूला लाव."

"काटा बिघडलाय तुमचा," झुंबर म्हणाला.

"तुझ्या आधीचे सगळे हिरव्यावर गेले. तेवढ्यात बिघडला होय?"

झुंबरनं गाडी मागं घेतली, जमेल तेवढी कडेला लावली, कागद काढून बेरीज पुन्हा केली. बरोबर. परत केली. बरोबर. घाम फुटला त्याला. मागं हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले.

तेवढ्यात पायरीवर एक माणूस चढला. चकचकीत शर्ट, कानावर पेन. अशी माणसं प्रत्येक नाक्यावर असतात.

"एवढं तोंड काय पाडायचं, भाऊ? गाडी अशी चढव, की मागचं एक चाक पाटीच्या बाहेर राहील. काटा हलका दाखवतो. आतलं मी बघतो."

युक्ती जुनी होती, झुंबरला ठाऊक होती. केली त्यानं कधी नव्हती. त्यानं हळूच शेजारी पाहिलं. आज नदी दाखवायची होती. एवढ्या वर्षांची वाट आणि एका चाकाचा प्रश्न...

उस्ताद समोर घाटाकडं बघत होता.

"घाटात कुठलं चाक बाहेर ठेवशील?"

झुंबरनं त्या माणसाला हातानंच नको म्हटलं. तो उतरून दुसऱ्या गाडीकडं गेला.

"मग पोती उतरवतो," झुंबर म्हणाला. "सात-आठ काढली की झालं. राहतील नाक्यावर."

"पोती कुणाची?"

"शेठची."

"मोजून दिलेली?"

"हो."

"आणि तू मोजून भरलेली?"

"हो म्हणजे काय, उस्ताद. एक दाणा इकडचा तिकडं नाही."

"मग माल बरोबर आहे."

"तेच तर मी म्हणतोय."

"मग जास्त काय आहे?"

झुंबर वैतागला. "ते मला कळलं असतं तर मी असा घामाघूम बसलो असतो का? तुम्हीच सांगा."

उस्तादानं दार उघडलं. सावकाश खाली उतरला, गाडीला वळसा घालून पुढं गेला, आणि बंपरवर बोटानं टकटक केलं. एकदा. मग बाजूच्या मोराच्या जाळीवर टकटक. मग मागं जाऊन साखळ्यांचा घोस हलवला. छान वाजला तो.

झुंबर स्टिअरिंगला धरून बसला होता. टकटक ऐकली. घोसाचा आवाज ऐकला. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याला हसावं की रडावं कळेना.

कागदावरचं वजन पासिंगच्या दिवसाचं होतं. लोहाराकडं तो त्यानंतर गेला होता. त्यानं शेठची पोती मोजली, डिझेल मोजलं, आणि स्वतःची हौस मोजायची तेवढी राहिली.

"हे सगळं?" त्यानं खिडकीतून मुंडी काढून विचारलं.

उस्तादानं सीटखालचा पाना मागितला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. झुंबर दात-ओठ खाऊन बंपरला भिडला. पहिला नट हलेना, तसा मागच्या गाडीचा सरदारजी शिव्या देतच उतरला, "रस्ता मोकळा कर की बाबा," आणि काय चाललंय ते बघून स्वतःचाच पाना घेऊन आला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. एक साखळ्यांना लागला, एक जाळ्यांना. चेष्टेला नुसता ऊत आला.

"लग्न मोडलं वाटतं?"

"नवरीचे दागिने उतरवून घेताहेत."

"अरे, ते मोर माझ्याकडं दे. बायको खूष होईल."

झुंबरला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बंपर दाणकन खाली पडला, आणि गाडी पुढून थोडी वर उचलली गेली. सगळ्यांनी ती उचललेली पाहिली. झुंबरनंही पाहिली. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याच्या अंगात वारंच शिरलं. दुसरी जाळी त्यानं एकट्यानं काढली. घोस ओढून फेकला. टपावर चढून कठडा सोडवला. हात काळे, शर्ट फाटलेला, आणि गडी चक्क शीळ घालत होता.

सामानाचा ढीग रस्त्याच्या उजव्या अंगाला रचला गेला. उस्ताद त्याच्याशेजारी उकिडवा बसून नट एका डब्यात गोळा करत होता.

"चला, बसा उस्ताद," झुंबर ओरडला. "आता हिरवा."

दोघं चढले. गाडी काट्यावर आली.

दिवा लाल.

"थोडंच राहिलंय," खिडकीतला माणूस म्हणाला. आता त्यालाही त्यात रस आला होता. "क्विंटलभर. अजून आहे का काही?"

सरदारजीनं वर बोट केलं.

टपावर कमान होती. हातभर उंचीची अक्षरं उन्हात चमकत होती. तेवढी एकच गोष्ट झुंबरनं तशीच ठेवली होती. ती त्याच्या नजरेतून सुटली नव्हती.

"ते नाही निघणार," झुंबर म्हणाला.



"बाकी सगळं माझ्या हौसेचं होतं, काढलं. हे हौसेचं नाही. या नावानं मला रस्ता दाखवला. हे उतरवून मी बॉर्डर ओलांडायची? दंड भरीन, इथंच उभा राहीन, पण नावाला हात लावणार नाही."



उस्तादानं पाना उचलला.

गुडघे कुरकुरत होते, तरी म्हातारा शिडीवरून टपावर चढला. आपल्याच नावासमोर मांडी घालून बसला. पहिला नट सोडवला. दुसरा सोडवला.

"उस्ताद, नका..."

तिसरा नट घट्ट बसला होता. उस्ताद त्याच्यावर थुंकला आणि जोर लावला.

शेवटी त्यानं कमान खाली सोडली. सरदारजीनं ती झेलली आणि ढिगावर ठेवायला गेला, पण नाव जमिनीकडं तोंड करून पडू नये म्हणून त्यानं ती नीट, उताणी ठेवली. झुंबरनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळे भरले होते त्याचे, ते दिसायला नको होते.

उस्ताद परत सीटवर येऊन बसला. गाठोडं मांडीवर घेतलं.

गाडी पाटीवरच उभी होती. सगळ्यांच्या माना वर.

लाल.

"आता काय राहिलं?" सरदारजी कळवळून म्हणाला.

"होत आलं," काट्यावरचा माणूस म्हणाला. "साठ-एक किलो असेल."

झुंबर म्हणाला, "स्टेपनी काढतो. ती ठेवतो इथं."

"स्टेपनी टाकून घाटात उतरणारा माझा चेला नाही," उस्ताद म्हणाला.

"मग डिझेल..."

"आणि पलीकडं काय, ढकलत नेशील?"

उस्तादानं गाठोड्याची गाठ शेवटची घट्ट केली. दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला.

लाल.

दुसरा पाय जमिनीवर टेकला.

हिरवा.

रांगेत एकच गलका उठला. हॉर्न वाजले, टाळ्या वाजल्या, सरदारजीनं बॉनेटवर ढोल बडवला. फाटक वर गेलं. समोर रस्ता मोकळा होता, आणि झुंबर स्टिअरिंगला चिकटून मोकळ्या सीटकडं बघत बसला होता.

"उस्ताद," तो वाकून म्हणाला, "काटा ओलांडेपर्यंत चालत या. पलीकडं गेलो की चढा परत. कोण बघतंय?"

"घाट."

"एका माणसाच्या वजनानं घाटाला काय होणार आहे?"

"काट्याला काय झालं?"



"नदी..." झुंबर म्हणाला. "उस्ताद, मी हे सगळं नदीसाठी केलं."

म्हातारा हसला. आज सकाळपासून पहिल्यांदा. गाडीला वळसा घालून तो झुंबरच्या बाजूला आला, ढिगाजवळ बसला, आणि भाकरी सोडली. त्याची नवी टोपी ग्रीसनं माखली होती.

"तिसऱ्या वळणावर दिसली तर हॉर्न मार. मला कळेल."

"आणि हे सामान?"

"मी आहे इथं. येताना बघू, नेण्यासारखं काय वाटतं तुला."

मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. झुंबरनं डोळे पुसले, गिअर टाकला. गाडी पुढं सरकली आणि त्याला नवल वाटलं. केवढी हलकी चालत होती. नवी घेतली त्या दिवशी चालली होती तशी. छातीत आनंदाचं नुसतं भरतं आलं, आणि त्याच छातीत कळही होती. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

फाटकाखालून जाताना त्यानं हात बाहेर काढला आणि बाजूचा आरसा खाली वाकवला. जमिनीवर बसलेला म्हातारा त्यात पुरता आला. पांढरी दाढी, हातातली भाकरी, शेजारी उताणं पडलेलं नाव.

पुढं पहिलं वळण होतं. तिथून उतार लागत होता.

झुंबर आरशात बघत होता.

मागून उस्तादाची हाक आली, जुनीच, किन्नराच्या दिवसांतली, सगळ्या हॉर्नांच्या वरची.

"आरसा सरळ कर, उस्ताद. त्यात मी दिसतोय."